गणपतीखालची काच

किल्ला, जैसलमेर

तीर्थरूप आईस,
किल्ल्यावरून किस्तुरीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. जेठमलभावजींचं लग्न पुढच्याच महिन्यात, वैशाखात ठरलंय. रीतीप्रमाणे दाराशेजारच्या भिंतीवर गणपती काढून खाली नवरानवरीची नावं रंगवलीत. तुझे गुडघे कसे आहेत?

त्या भिंतीला तडा गेलाय. मुरलेल्या पाण्यानं आपल्या घराखालचा बुरूज पोकळ झालाय म्हणे. इंजिनियरनं तड्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. ती फुटली की घर सोडा, असं बजावून गेला होता. पण रंगाऱ्यानं गणपतीआधी चुना मारला, तो काचेवरूनच.

काल ओढणीचं टोक ओलं करून मी चुना पुसला. काच फुटलेली आहे.

सासूबाई म्हणाल्या, "गप बस. भिंतीवर गणपती बसला, आता वरात याच दारातून निघणार." आणि स्वतःच्या हातानं पुन्हा चुना फासला. हे म्हणतात, "आईपुढे माझं काय चालतंय?"

तू लग्नाला येऊ नकोस. गुडघ्यांचं निमित्त सांग.

दादाबरोबर गोपूला पाठवतेय. आईसाठी रडला तर सांग, काकाचं लग्न झालं की येईल. त्याच्या पिशवीत थंडीचे कपडेही घातलेत.

तुझीच,
किस्तुरी