चिंधी बांधलेला दुधी

आई, तुमचा दुधी कडू निघाला. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं. गोल गोल फिरून बोलणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यावरून तर आपलं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून वाजायचं. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर दुकानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलं नाही. आणि आता लिहायला बसले ते सासूला, तीही जाऊन इतकी वर्षं झालेली. कोणी बघितलं तर म्हणेल बाईचं डोकं फिरलं. फिरूदे. सांगायला हवं ते ह्यांना, आणि ह्यांनाच सांगता येत नाही. मग उरलं कोण? वेल तुमचा, बी तुमचं, मुलगा तुमचा. ऐकून घ्या.

डोंबिवलीची ती चाळ आठवते का तुम्हाला? आपली शेवटची खोली, मोरीच्या भिंतीमागे गटाराला लागून हातभर माती, आणि त्या मातीतून निघून पत्र्यावर चढलेला तुमचा दुधी. मी नवीन आलेली. सगळं भराभर करायची सवय, आजही आहे. विळीवर बसले आणि दुधी चिरायला घेतला, तर तुम्ही येऊन माझा हातच धरलात. "शेंडा चाखलास?" मी म्हटलं, बाजारात काय चाखून देतात? तोंड माझं असं. तुम्ही म्हणालात, "बाजाराचं बाजार बघेल. माझ्या घरात चाखल्याशिवाय दुधी कढईत जायचा नाही. कडू दुधी माणूस मारतो." आणि शेंड्याची एक चकती कापून तुम्ही माझ्या तोंडात घातलीत, पोराला औषध घालतात तशी. मी चावले. म्हटलं, काही लागतच नाही. तुम्ही म्हणालात, "काही लागत नाही तोच चांगला." बाहेर शेजारणी उभ्या होत्या, त्या हसल्या. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. पण त्यानंतर चाखल्याशिवाय एकही दुधी चिरला नाही, तुमच्या राज्यात नाही आणि माझ्याही नाही.

आणि ते लग्न लावणं. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी. तुम्ही नर फूल तोडायचात, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादीच्या फुलावर, जिच्या मागे इवलासा दुधी असतो तिच्यावर, ते हलकेच घासायचात. मला हाक मारायचात, "चल गं, लग्न लावून येऊ." मी लाजून मरायचे, ह्यांच्यासमोर बोलायचात तुम्ही. मधमाश्या काय करतात मग, असं मी विचारलं तर म्हणालात, "त्यांचा भरवसा नाय. कुठनं काय घेऊन येतील. आपल्या घरातलं आपण लावावं." मुरबाडकडच्या तुमच्या माहेराहून आलेलं बी होतं ते. वेलावर धरलेला पहिला दुधी खायचा नाही, त्याच्या देठाला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची, म्हणजे चुकूनही कोणी तोडणार नाही. तो वेलावरच वाळायचा, कवटीसारखा टणक व्हायचा, मग त्यातलं बी राखेत घोळून पावडरच्या डब्यात. जुनं बी ठेवायचं नाही, यंदाचं सगळं पुढच्याच पावसाळ्यात पेरायचं. शेवटच्या दुखण्यात तुम्ही तो डबा माझ्या हातात दिलात. दागिना नव्हताच द्यायला. म्हणालात, "तुला झेपेल असं वाटत नाय, पण लेक सासरी आहे." हे बोलायची काही गरज होती का? मी डबा घेतला आणि मनात म्हटलं, बघाच.

झेपलं. चाळ गेली, चौथ्या मजल्यावर घर घेतलं, लिफ्ट नाही पण वर गच्ची. निळी पिंपं अर्धी कापली, माती गोण्यांनी खांद्यावर वर नेली. तुम्हाला वाटेल ही फक्त दुधी लावून बसली, तसं नाही. सगळं लावलं. कोथिंबीर पेरली की कबुतरं येऊन मोड उपटून जातात. मिरचीची पानं आकसून मूठ वळल्यासारखी होतात, मग तिला काहीही घाला, ती काही उघडत नाही. वांग्यावर कापसासारखी पांढरी कीड. टोमॅटो एका वर्षी इतका आला की मी जिन्यातून हाका मारून वाटला, आणि पुढच्या वर्षी त्याच पिंपात, त्याच मातीत, एक नाही. रात्री केमिकलच्या कंपन्यांकडून तो वास येतो, सकाळी पानं पुसली तर फडकं काळं. पाणी एक दिवस येतं, एक दिवस नाही. मोबाइलवर एक बाई शिकवते घरची भाजी कशी लावायची, तिच्या नखात माती नसते, मी तेव्हाच ओळखलं. सोसायटीचा सेक्रेटरी दर पावसाळ्यात म्हणतो, वहिनी, स्लॅब गळतोय तुमच्या कुंड्यांमुळे. मी म्हणते, गळतोय तर माझ्याच डोक्यावर गळतोय ना, खालीच मी राहते. एवढ्या भानगडीत दर वर्षी न चुकता येणारा एकच, तुमचा दुधी. संध्याकाळी वर जाऊन लग्न लावत होते मी, एकटीच, आणि हसू यायचं मलाच.

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. त्या पावसाळ्यात बी नीट उगवलंच नव्हतं, एकच वेल जगला होता, आणि तोही मी सोडून हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली. पाणी शेजारची घालायची, आठवण झाली तर. ह्यांना घरी आणलं, चार पोरांनी खुर्चीतून उचलून वर चढवलं, आणि मी पहिल्यांदा गच्चीवर गेले तर वाळत चाललेल्या वेलाला एक कोवळा दुधी. एकच. लग्न लावायला कोणी नव्हतं तरी धरलेला. आई, मी तिथे बसून रडले. मला वाटलं तुम्ही केलंत हे.

खाली येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांची जीभ तेव्हा जड होती, एक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. म्हणाले, "भाजी कर." आजारी माणूस, हॉस्पिटलातलं पांचट खाऊन कंटाळलेला, आणि मागितलं काय तर आईच्या वेलाचा दुधी. मी नाही म्हटलं. एकच आहे, बीला ठेवायचा, तुमच्या आईचा नियम आहे, म्हटलं. मी वर जाऊन चिंधी बांधून आले.

यंदा ते बी पेरलं. सगळं उगवलं. आई, असा वेल मी जन्मात बघितला नव्हता. पानं ताटाएवढी. मांडव भरून कठड्यावरून खाली उतरला, आमच्या खिडकीपर्यंत. ह्यांची खुर्ची खिडकीशी असते, दिवसभर तेच बघत बसतात. खालचा रस्ता बघायचे ते बंद झालं. डाव्या हाताच्या बोटांवर दुधी मोजतात, मग मला हाक मारून सांगतात आज किती. एक दिवस म्हणाले, "आईचा वेल उठला बघ. आता मीपण उठणार." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी व्यायामवाला आला तेव्हा भिंत धरून उभे राहिले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तो मुलगा म्हणाला, काका, काय खाल्लंत आज? ह्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

पहिला दुधी बीसाठी सोडला, चिंधी मग बांधू म्हटलं, आणि दुसरा तोडला. ह्यांना सकाळी दुधीचा रस देते मी, कोणी सांगितलं होतं चांगला म्हणून. मिक्सरचं भांडं पुढ्यात, दुधी सोललेला. सवयीने शेंड्याची चकती तोंडात टाकली. थुंकले, चूळ भरली, परत चूळ भरली, कडूपणा जाईना, घशात उतरत गेला. म्हटलं एखादा असतो असा. वर गेले, तिसरा तोडला, चाखला. मग चौथा. मग चिडून वेलावरच्या प्रत्येकाला नख लावून जिभेला लावत गेले. सगळे. दुपारपर्यंत मी उलट्या करत होते आणि हे बाहेरून विचारत होते, "काय गं, काय खाल्लंस?" म्हटलं, पित्त झालं. तुमच्या एका नियमाने तुमचा मुलगा वाचला, एवढं मात्र लिहून ठेवते.

कल्याणच्या बाजारात एक बियाणांचा दुकानदार आहे, त्याला जाऊन विचारलं. पाणी कमी पडलं का, खत चुकलं का, औषध सांगा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गेल्या वर्षी फूल तुम्ही फळवलं होतं का? म्हटलं नाही, आपोआप धरला. तो म्हणाला, "मग संपलं. नाल्याकडचा रानटी कडू भोपळा असतो, त्याचा पराग आला असणार. बाप कडू, म्हणून पोरं कडू." मी म्हटलं, पण मग तो दुधी मुळात घ्यायलाच नको होता. तो हसला. "तो दुधी गोडच असणार बाई. त्याला काय झालेलं? तो आईचा. खाल्ला असता तर काही झालं नसतं, आतलं बी मात्र बिघडलेलं." आणि मला हायब्रीडचं पाकीट दाखवायला लागला, त्यावर चकचकीत दुधीचं चित्र. मी उठून आले. रिक्षात बसले तेव्हा कळलं तो काय बोलला. तुमच्या वेलाचा शेवटचा गोड दुधी होता तो, आई. ह्यांनी तोंडाने मागितला होता. मी चिंधी बांधली.

मग ठाण्याला गेले, वर्तकनगरला, तुमच्या लेकीकडे. तिच्या लग्नात तुम्ही तिला बी दिलं होतं, तिच्या जुन्या कॉलनीत तळमजल्याच्या खिडकीवर वेल होता, मी खाल्लाय तो. आता कॉलनी पाडून टॉवर झालाय, ती चौदाव्या मजल्यावर. चहा केला, चकल्या दिल्या, मग मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं वहिनी, दुधीच्या बिया मागायला डोंबिवलीहून आलीस? भाड्याच्या घरात गेलो तेव्हाच सगळं गेलं गं. इथे बाल्कनीत कपडे वाळत घातले तरी नोटीस येते." मी म्हटलं, एखादी डबी, एखादी पुडी, कुठे कपाटात मागे? ती खरंच उठून बघायला गेली, बिचारी. देव्हाऱ्याखालचा खण उपसला. तुमचा एक फोटो सापडला, तो मला दाखवला. निघताना तिने एक प्लास्टिकची कुंडी दिली, शोभेचं झाड, म्हणाली ह्याला पाणीही लागत नाही. माजिवड्याच्या बस स्टॉपवर मी ती बाकावर ठेवून आले. नेईल कोणीतरी.

ह्यांना सांगितलं नाही. सांगणार कसं? भिंत सोडून दोन पावलं टाकतात आता. मग मी काय करते ते ऐका. वर जाते, एक दुधी तोडून आणते, ह्यांच्या मांडीवर ठेवते. ते डाव्या हाताने त्याच्यावरची लव चोळतात, वजन बघतात. मग मी तो आत नेते, कचऱ्याच्या पिशवीत घालते, पिठाच्या डब्यामागे लपवलेला बाजारचा काढते, चाखते, चिरते. खालच्या मजल्यावरची परवा जिन्यात मला ऐकू जाईल असं बोलली, एवढे लोंबतायत आणि एक हातातून सुटत नाही बाईच्या. काय सांगू तिला? विष आहे म्हणून? दार उघडं होतं, हे आत बसलेले. म्हटलं, हो, मी आहेच तशी.

काल ह्यांनी विचारलं, "पहिल्याला चिंधी बांधलीस ना?" म्हटलं, हो तर. मग आठवलं, पहिला नेमका खिडकीसमोरच लोंबतोय, चिंधी नाही हे त्यांना दिसणार. सकाळी ते उठायच्या आधी तुमच्या लुगड्याचा उरलेला काठ शोधला, गच्चीच्या कठड्यावरून वाकले, वेल हळूच वर ओढला आणि बांधली. कडूलाच बांधली. पुढच्या वर्षी हेच बी हातात येणार आणि ते म्हणणार पेर. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी, असं म्हणायचं तर तसंही म्हणवत नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही. उद्या ह्याच्यावर मेथी निवडीन आणि देठांबरोबर तोही जाईल. फक्त एक राहिलं. आज दुपारी बाजारच्या दुधीची भाजी वाढली, हे जेवताना थांबले आणि म्हणाले, "घरचा तो घरचाच. चव वेगळी लागते." मी मान हलवली. आई, इतकी वर्षं माती वाहिली मी, पण मला त्या दोन्हीतला फरक कधीच कळला नव्हता. तुम्ही ती चकती तोंडात घातलीत तेव्हाही नाही.