टबातला बर्फ जातो कुठे?

प्रिय आये,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय, तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. पोरीच्या बोईसरच्या वर्गातल्या ताईंनी आज आम्हा आयांनाही बोलावलं होतं. म्हणाल्या, ज्याच्यावर राग आहे त्याला पत्र लिहा. पहिलं तुझंच नाव आलं मनात. चिडू नकोस!

तुझी नात मयूरी. पंधरा वर्षांची झाली. शाळेत एकीला कंपासपेटी फेकून मारली, तिच्या कपाळाला टाके पडले. बाई म्हणाल्या, राग आवरायचा वर्ग कर, नाहीतर दाखला घेऊन जा. पुन्हा हात उचलला तर दहावी विसर.

रागाचा वर्ग? शिवणाचा ऐकला होता, कॉम्प्युटरचा ऐकला होता! आपल्या घरात शांतपणा आहे कुठे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मला पहिल्या दिवसापासून संशय. दार लावून दहा भांडखोर पोरींशी काय बोलतात? घरातलं काढून घेत असतील. विचारलं तर मयूरी म्हणे, "तिकडचं तिकडंच ठेवायचं हाय."

आणि मग मासळीच्या टबातला बर्फ कमी व्हायला लागला. दुपारी मी पापलेटं बर्फात लावते, संध्याकाळच्या बाजारासाठी. थर किती, ते हाताला पाठ असतं. ही शाळेतून आली की मूठभर गायब! कुणाला नेऊन देते? हेच शिकवतात का तिथे?

काल आमचं दोघींचं जोरात वाजलं. ती तरातरा बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमागे गेली. मी मागोमाग. बघते तर मूठ गच्च मिटलेली, डोळे मिटलेले, पाणी कोपरापर्यंत ओघळतंय.

"चोरटे! कोणासाठी नेतेस हे?" माझा हात उठलाच होता.

"थांब ना आई. बर्फ वितळला नाय अजून. वितळंपर्यंत मी कोणाला मारत नाय."

आये, माझा हात तसाच वर राहिला. तुझा कधी राहिला का ग? सुपाने, चपलेने, एकदा तर विळीच्या पाटाने मारलंस. तुझ्या मयताला सगळ्या म्हणत होत्या, किती मायेची होती. होतीसच. पण वण अजून आहे पाठीवर. तुझ्याही टबात बर्फ होताच ना!

मयूरीने माझा वर राहिलेला हात खाली घेतला आणि उरलेला खडा त्यात ठेवला. "धर," म्हणाली. मी धरला. फार झोंबला ग.

वर्गावर अजून माझा विश्वास नाही. तिथे शिकवलेला हा बर्फ दहावीपर्यंत पुरतो का, बघायचंय मला. पण शब्द देते: उद्यापासून थोडा बर्फ जास्त घेईन, मासळीच्या वाटणीचा नाही, आमच्या दोघींचा. आणि माझा हात उठला, तर आधी टबात जाईल.

तुझी, पाठीवर वण असलेली लेक,
सुनंदा
दांडी