नालीचा पहिला रिपोर्ट

प्रिय आचल,

आठ महिने झाले, तुझा नंबर काढते नि ठेवून देते. बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि तुझ्याशी बोलायची मला भीती वाटते! इकडे मोर्शीला सगळे बरे आहेत. आई तुझी चौकशी करते, मी विषय बदलते.

माझं म्हणशील तर डोकं ठिकाणावर नाही. घरच्या मोरीत, फ्रिजच्या रबरात ओल्या कापसाची काडी फिरवत बसते. मनोज म्हणतो, "काहून करून राहिली हे?" काय सांगू त्याला? कारखान्यात माझं कामच ते. श्रीखंड भरायच्या थंड खोलीतली नाली, पंख्याची पाती, टेबलाखालची फट, सगळीकडे काडी फिरवायची आणि जंतू आहेत का ते बघायला प्रयोगशाळेत पाठवायची. डब्यातला माल मुका असतो, खोली खरं बोलते, असं मीच नव्या पोरींना शिकवायची.

पण आपली सवय माहीत आहे ना? पाहुणा येणार म्हटलं की आधी सडा टाकायचा. नमुन्याच्या दिवशी मी सकाळीच नाली औषधाने धुऊन घ्यायची, मग काडी फिरवायची. रिपोर्ट कायम चांगला. नाली धुणाऱ्या इंदूबाई एकदा म्हणाल्या, "ताई, पाहुण्याले अंगण दाखवता, घर कावून नाही दाखवत?" मी हसण्यावारी नेलं. मग त्या रजेवर गेल्या आणि एकदा न धुतलेल्या नालीचा नमुना गेला. लिस्टेरिया निघाला, थंडीतही वाढणारा जंतू. मी माल थांबवायला हवा होता. त्याऐवजी नाली घासून घेतली, दुसरा नमुना पाठवला, तो चांगला आला, तोच फायलीला लावला. पहिला रिपोर्ट पर्समध्ये कोंबला. साहेबांची बोलणी खायची नव्हती, बस, एवढंच कारण.

त्याच आठवड्यात अकोल्याला तुझं डोहाळजेवण होतं. संत्र्याच्या श्रीखंडाचे सहा डबे मीच आणले. पहिला घास मीच तुला भरवला. तुला आवडलं म्हणून दोन डबे तुझ्यासाठी मागे ठेवले. तीन आठवड्यांनी तुला ताप भरला आणि बाळ गेलं. दवाखान्यात तुझ्या फायलीत मी तेच नाव वाचलं, लिस्टेरिया. डॉक्टर म्हणाले, हा जंतू खाण्यातून पोटात गेला असणार. तुझ्या सासूबाई लगेच बोलल्या, "चिखलदऱ्याची रबडी! म्हटलं होतं बाहेरचं खाऊ नको." तू रडत रडत मान हलवलीस. मी तुझ्या उशाशी होते, आचल, आणि मी तोंड उघडलं नाही. भाजी चिरताना, खुशीची वेणी घालताना, तुझी ती हलणारी मान मला दिसते.

परवा तुझी नणंद साधना बाजारात भेटली. म्हणाली, तू पुन्हा दिवस राहू द्यायला तयार नाहीस. "माझ्या जिभेनं माझं लेकरू खाल्लं" असं म्हणतेस. आज अमरावतीला अन्न विभागात जाऊन जबाब दिला, तो पहिला रिपोर्टही देऊन आले. नोकरी जाईल, पुढे काय व्हायचं ते होवो. रिपोर्टची झेरॉक्स या पाकिटात आहे. ते डबे आता तपासायला उरले नाहीत, पण वरची तारीख बघ आणि तुझ्या डोहाळजेवणाची बघ. सासूबाईंना समोर बसवून हे पत्र मोठ्याने वाच. मला माफ करू नकोस, मी मागतही नाही. तू काही केलेलं नाहीस, आचल. मी केलं.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
गीतांजली