ठोकून घेतलेली फळी

प्रिय भुंग्या,

सूनबाईचं पत्र आलं. तू सुतारकामाच्या हत्यारांची पेटी विकायला काढली आहेस आणि कुठल्याशा गोदामात पहारा करतोस, हे त्यात वाचलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं होतं. तुझी आई जाऊन वर्ष होत आलं, तू या घराची पायरी चढला नाहीस, आणि मला तुला बोलवायला तोंड नाही.

परवा एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या होत्या. घराबाहेर लाकडी ओटा हवा, उन्हापावसात टिकेल असं लाकूड कोणतं, असं विचारत होत्या. मी पोपटासारखा सुरू झालो. सागवान उत्तम, नाहीतर गडद लाल जातीचं, पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड लाकूड घ्या. कडेला पांढरी पट्टी असलेली फळी नको, तिला कीड लागते. खोडाच्या अगदी मधलीही नको, मोठ्या झाडाचं पोट ठिसूळ असतं. रंगावर भाळू नका, वर्षभरात सगळं राखाडीच होतं. बाई खूश झाल्या. काम घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मी नाही म्हणून सांगितलं.

आपला ओटा आईच्या गुडघ्यांसाठी केला होता, तिला मागच्या दाराच्या पायऱ्या उतरता येईनात म्हणून. फळ्या निवडणं माझं, बसवणं तुझं. वखारीत मी एकेक फळी बोटांच्या पेरांनी ठोकून बाजूला काढत होतो. चांगली फळी खणखणते, ठिसूळ फळी बद्द वाजते, हे तुला मीच शिकवलेलं. तू म्हणालास, बाबा, मीही एकदा ठोकून बघू का? वखारवाल्यादेखत मी तुला झापलं, बापाची परीक्षा घेतोस का म्हणून. तू फळ्या गाडीत चढवल्यास.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर दारापुढचीच फळी मोडली. आईचा पाय आत गेला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती अंथरुणाला खिळली ती कायमचीच. दवाखान्याच्या दारात सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो, याने फळ्यांमध्ये फटी नीट सोडल्या नाहीत, पाणी मुरलं, फळी कुजली. तूही ते खरं मानलंस. माझ्यावर इतका विश्वास ठेवायला नको होतास रे.

फळी कुजली नव्हती. त्याच संध्याकाळी मी ती उचकटून पाहिली. खडूसारखी सरळ तुटली होती, आतून कोरडीठाक. तुझ्या फटी सगळ्या एकसारख्या होत्या. फळी झाडाच्या पोटातली होती, कान धड असलेल्या कुणालाही वखारीतच कळली असती. माझे कान त्याच्या दोन वर्षं आधीच गेले होते, उजवा पूर्ण, डावा जेमतेम. यंत्राच्या करवतीच्या आवाजाने खाल्ले. बहिऱ्या सुताराला लाकूड निवडायला कोण सांगेल, म्हणून मी घरातही कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी मी नुसताच ठोकत होतो. नंतर त्या फळीचे तुकडे करून जाळले, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

हत्यारं ठेवायची की विकायची, ते हे वाचून झाल्यावर ठरव. पण लिहायला बसलो तो आणखी एका गोष्टीसाठी. शेवटच्या आठवड्यात आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, त्याला सांगा, मी त्याच्यावर रागावलेले नाही, चूक कुणाकडूनही होते. मी मान डोलावली. त्यानंतर ती तीन दिवस चांगली शुद्धीवर होती. तरी मी तिला खरं सांगितलं नाही. तुला निरोपही दिला नाही, कारण तो दिला असता तर बाकीचं सांगावं लागलं असतं. तू न केलेल्या चुकीसाठी ती तुला माफ करून गेली. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात जे जे उभे होते, तुझे मामा, काका, आत्या, त्या प्रत्येकाला मी आज हेच लिहून पाठवलं आहे. आईपर्यंत मात्र आता पत्र पोहोचत नाही.

अजून म्हणू देणार असशील तर तुझाच,
बाबा