वाढदिवसाची तलवार

पुणे

भूषणले ताईचा आशीर्वाद, अन् कानफटात एक.

मी इथं मजेत आहो. कॉलेजात सिनेमाचे ट्रेलर थांबवू-थांबवू पाहाचा अभ्यास चालू आहे. त्यात कोयता चालते, रगत उडते, अन् लगेच हिरो चालत येते. मेलेल्याची माय कुठंच दिसत नाही.

मंग तुह्या वाढदिवसाचा व्हिडिओ तसाच थांबवून पाह्यला. तलवारीनं केक कापला, मंग तेच पातं तुह्या दोस्ताच्या, गोपालच्या गळ्यावर टेकवलं, मजाक म्हणून! मागं ओवाळाचं ताट घेऊन माय उभी आहे. पातं टेकलं तवा तिनं सोताच्या गळ्यावर हात ठेवला.

गोपालले लागलं का? फोनवर माय म्हणते, "पोरायले केक कापाले चाकू सापडला नसन."

तलवार पोलीस ठाण्यात नेऊन दे, नाहीतं येऊन हात मोडीन. मंग मायपुढं पाटावर बस. तिचं ओवाळाचं राह्यलंच आहे.

तुही ताई,
समीक्षा