रश्मीच्या खुणा

वडगाव रासाई
दसऱ्याच्या आधी, २००२

प्रिय दादा,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच पेटीत टाकतोस, म्हणून पत्ता आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतला. रेल्वेतल्या माणसाचं अक्षर, तुला सरकारी वाटलं असेल. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, उगं मधेच घडी घालून ठेवू नकोस.

मी खुटबावला नाही, माहेरी आहे. आबांना झटका आला तेव्हापासून इथंच आहे. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा पार गेली. शेजारच्या वच्छलाबाईंच्या फोनवरून तुझ्या कंपनीत निरोप दिला होता, तो मिळाला एवढंच उलट कळलं. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर काही खरं नाही. तू यावंस, दादा. गोल गोल फिरून बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तू म्हणशील, त्या माणसाचं तोंड बघणार नाही असं मी बोललोय. बोललायस. तेव्हा मी दारातच उभी होते. पण ह्या दोन-अडीच महिन्यांत घरात जे चाललंय ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी तुझ्या भाचीचं सांगते. उत्पला वर्षाची व्हायला आली. दात दोन, केस चार, आणि हट्ट सगळा मामाचा. बोलत अजून काही नाही, नुसतं बबब चालतं. इथं येऊन थोडे दिवस झाले होते. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि ही समोर बसून माझ्याकडं बघत मूठ उघडझाप करत होती. मला वाटलं खेळतेय. मग तिनं माझ्या पदराकडं पाहिलं आणि परत मूठ दाबली, सोडली, दाबली. माझ्या हातातली भाकरी तिथंच मोडली. दादा, ते दूध होतं. आपली रश्मी शेळीची धार काढल्यासारखी मूठ करून दूध मागायची ना, तेच. मी ते तिला दाखवलेलं नाही. आपल्या घरात ती मूठ आठ वर्षांत कुणी केलेली नाही.

तुला आठवतंय, तिनं प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. पदर डोक्यावर ओढला की आई. करंगळी म्हणजे मी, घरातलं शेंडेफळ म्हणून. स्वतःच्या डाव्या गालाला खळी पडते तिथं बोट टेकवून फिरवलं की रश्मी. तुझे कान तर सुपासारखे पुढं, म्हणून कान धरून ओढला की तू. केवढा चिडायचास! आणि आबांचं नाव, ओठांवर दोन बोटं ठेवून पुढं उडवायची. बोल, बोल. दिवसभर ते तिला तेवढंच सांगायचे, म्हणून तेच त्यांचं नाव झालं.

आबांचा मला राग येत नव्हता असं नाही. पण तू निघून गेलास आणि मी त्यांच्याजवळ राहिले, त्यामुळं मला त्यांची दुसरी बाजूपण दिसली. बहिऱ्या मुलांना शिकवणारा पुण्याचा तो माणूस म्हणाला होता की घरात हातवारे चालू दिलेत तर मुलगी जन्मात बोलणार नाही. आबांनी ते वेदवाक्य मानलं. गावात सभा असली की ते भाषणात काय म्हणायचे आठवतं ना? आपली माणसं पिढ्यान्पिढ्या मुकी राहिली, आता आपण बोललंच पाहिजे. मग त्यांचीच लेक मुकी कशी चालेल? म्हणून जेवताना आपण सगळ्यांनी डावा हात मांडीखाली दाबून बसायचं. संध्याकाळी धड्याला बसवलं की आबा तिचे हात मागं घेऊन जुन्या धोतराच्या मऊ पट्टीनं बांधायचे. मऊ पट्टी, वळ उठू नये म्हणून. आणि ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत घशातून आ, आ करायची. रात्री गोधडीखाली तुम्ही दोघं एकमेकांच्या तळहातावर काय काय बोलायचात ते मला थोडं कळायचं, सगळं कधीच कळलं नाही.

तर दुधाची मूठ झाली. मग उत्पला ‘पुरे’ करायला लागली, रश्मीसारखंच, दोन्ही हात झटकून. मग ‘गेलं’. वाटी पालथी पडली की हवेत फुंकर आणि रिकामा पंजा. मला धस्स व्हायचं. पोरीला ऐकू येत नाही की काय, ही भीती वेगळीच. दौंडला नेऊन तपासून आणलं. कान चांगले आहेत म्हणाले, बोलेल तिच्या वेळेनं, लेकरांचे हात जिभेच्या आधी शहाणे होतात, करते तर करू द्या. डॉक्टरांना काय जातंय सांगायला. पोर दुपारच्या उन्हात, घरात कुणी बोलत नसताना, रश्मी बसायची त्या कणगीच्या कोपऱ्याकडं बघून खुदकन हसते आणि उत्तर दिल्यासारखे हात हलवते, हे त्यांनी थोडंच पाहिलं होतं?

आणि एक दिवस तिनं गालाला बोट लावलं. डाव्या. फिरवलं. हिच्या गालाला खळीसुद्धा पडत नाही, दादा.

आई कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं आणि खालीच बसली. मला वाटलं रडेल, तर ती हसायला लागली. म्हणाली, “आली गं बाई, माझी लेक आली.” तेव्हापासून ती दार ओढून घेत नाही. ताटात घास जास्तीचा वाढते. मी रागावले, म्हटलं, आपण हे मानत नाही, बावीस प्रतिज्ञा तूच मला पाठ करून घेतल्यास. तर म्हणते, “मी कुठं काय मानतीया? पोरगी घरी आलीया, तेवढंच म्हणतीया.” आता काय बोलायचं सांग. मी स्वतः न मानणारी बाई, पण पाणी आणायला बाहेर पडले की मागं वळून कणगीकडं बघायला लागले. पाठीमागून कुणी खांद्याला बोट लावेल असं वाटायचं. रश्मी तशीच बोलवायची ना आपल्याला.

नदीचं तुला सांगायला नको. पण आठ वर्षं आपण दोघांनी त्यावर एक अक्षर काढलेलं नाही, म्हणून मी लिहिणार आहे. तेव्हाही असेच दसऱ्याचे दिवस. सगळी वस्ती गोधड्या धुवायला भीमेवर. आईला ताप होता, म्हणून रश्मी एकटी गेली आणि नितळ पाणी पाहून मधल्या खडकावर जाऊन बसली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदी एकाएकी चढली. आवाज ऐकून बाकीच्या बायका वर पळाल्या. तिला कुठला आवाज? पाठीमागून पाणी येत होतं आणि ती काठाकडं तोंड करून गोधडी बडवत होती. आबा शाळेतला तास सोडून तसेच धावत आले. तिनं त्यांना पाहिलं, हसली पण. आबा काठावर उभे राहून ओरडत होते, “रश्मी ये, रश्मी ये,” आणि दोन्ही हात अंगाला चिकटलेले. ती शिकवल्याप्रमाणं त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. एवढ्या लांबून ओठ वाचत राहिली, माझी शहाणी बहीण. तू मळ्यातून दोन्ही हात हवेत नाचवत आलास, तोवर खडक दिसेनासा झाला होता. एक हात वर केला असता, एवढंच तू त्यांना म्हणालास, आणि गेलास.

हे सगळं डोक्यात असताना मी काय केलं असेल? गेल्या आठवड्यात उत्पला परत कोपऱ्याकडं बघून गाल दाखवायला लागली आणि माझा तोल गेला. मी तिला उचललं, दुपटं काढलं, आणि तिचे दोन्ही हात आत घेऊन गच्च गुंडाळलं. ती रडली. मी म्हटलं, रड. आबांच्या खाटेवरून घशातला एक आवाज आला, गुरासारखा. मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगू, त्या खाटेकडं बघायची सवयच मोडली होती. आवाज आला की पाणी द्यायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची. त्यापलीकडं तिथून काही येईल असं वाटत नव्हतं. खाट कणगीला लागूनच आहे, हे रोज दिसत असून माझ्या ध्यानात आलं नाही बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तशीच गुंडाळून खाटेच्या कडेला निजवली आणि धुणं घेऊन निघाले. वाटेत साबण विसरल्याचं आठवलं, म्हणून परत आले. दार आईनं उघडंच ठेवलेलं. आबांनी डाव्या कुशीवरून अंग कसं वळवलं होतं कुणास ठाऊक, उजवा हात नुसता लोंबत होता आणि डाव्या हातानं ते त्या दुपट्याची गाठ सोडत होते. एका हातानं गाठ निसटत होती. दातांनी धरली, ओढली. सुटल्यावर तिचे हात बाहेर काढले, एक एक करून, आणि दोन्ही मनगटं चोळली. मग स्वतःच्या गालाला बोट लावून फिरवलं. उत्पलानं लावलं. त्यांनी मूठ उघडझाप केली, तिनं केली. पुरे, गेलं, आई, करंगळी, सगळं. दादा, आबांना सगळं येत होतं. ज्या माणसानं आपल्याला हात मांडीखाली घ्यायला लावले, त्यानं रश्मीची एकूण एक खूण बघून ठेवली होती. आमच्यापुढं मात्र कधी नाही. तहान लागली तरी घशातून आवाजच काढायचे. त्या लेकरापुढं तेवढी त्यांना लाज वाटली नसावी. मी उंबऱ्यातच धुणं टाकून बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

आईला सांगितलं की तुझी रश्मी आलेली नाही, आबा शिकवतात पोरीला. ती जराही हलली नाही. “मंग? तीच न्हाई का ती?” म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली. आता दार मीही ओढून घेत नाही. आबांशी मी हातानं बोलायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं. काल म्हणाले, हात थांबवू नका पोरीचे. ते त्यांनी कसं म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाही, तू पाहिलं असतंस तर कळलं असतं.

आता हे पत्र कशासाठी ते. आबा दिवसभर त्याच दोन खुणा परत परत करतात. दाराकडं बघून डावा हात कानाला नेतात, कान धरून ओढतात. मग तो हात वर करतात, पूर्ण वर, जेवढा जाईल तेवढा, आणि आपल्याकडं ओढतात. ये. काठावर उभं राहून जो हात त्यांच्याकडून उठला नाही, तो आता जेवताना, जागेपणी, झोपेतसुद्धा उठतो. कधी अर्ध्यातच खाली पडतो, परत उचलतात. आणि काल संध्याकाळी उत्पला अंगणातून रांगत आली, उंबऱ्यावर बसली, रस्त्याकडं तोंड केलं, स्वतःचा इवलासा कान ओढला आणि हात वर केला. तिनं अजून आई म्हटलेलं नाही, बाबा म्हटलेलं नाही. तुला तिनं पाहिलेलं नाही. ती तुला बोलवत होती. तेव्हा ये, दादा. काय बोलायचं ह्याचा विचार करत बसू नकोस, आबांना बोलता येत नाही आणि तुलाही सुचणार नाही. फाट्यावर उतरून बांधावरून आलास की खाटेवरून तू लांबूनच दिसशील. हाक मारू नकोस. नुसता हात वर कर.

तुझीच करंगळी,
सुरेखा