दुसऱ्या वर्ध्याचा कंट्रोलर

बाबा, तुम्हाला मी परत स्टँडवर बसवलं आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तीच केबिन, तोच माइक, टेबलावर तोच चहाचा डाग. रजा नाही, पगार नाही, ड्युटी संपायची वेळ नाही. दर रविवारी दुपारी आपल्या नालवाडीच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चार जण बसतो आणि तुम्ही गाड्या पुकारता. तुमच्या वतीने मी बोलते. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं, पण तुम्ही असताना आपण एकमेकांना फारसं काही विचारत नव्हतो, तर आता काय विचारणार.

हा एक खेळ आहे. तुम्हाला पत्त्यांपलीकडे कुठलाच खेळ कळला नाही, म्हणून सावकाश सांगते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी सांगते की तुमच्यासमोर दार आहे. ते ठरवतात की ढकलायचं की वाजवायचं. आणि दार उघडेल की नाही याची खात्री नसली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर उघडलं. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. तुम्ही लगेच म्हणाला असतात, ‘मंग खेळता काऊन?’ ते मलाही नीट सांगता येत नाही. पुण्यात ऑफिसातल्या लोकांनी मला हे शिकवलं. त्यांच्या गोष्टीतल्या शहरात बर्फ पडायचा, किल्ले होते, उडणारे साप होते, आणि मी आपली वर्ध्याची मुलगी त्या बर्फात स्वेटर न घालता फिरत होते. पुढे घरूनच काम करायची सोय झाली, आई इथे एकटी होती, मी परत आले. तेव्हा ठरवलं की आता शहर आपलंच घ्यायचं.

तसं ते दुसरं वर्धा तयार झालं. त्याचा कायदा सोपा आहे. जे इथे बंद पडतं, पाडलं जातं, तोडलं जातं, ते तिकडे चालू राहतं. रस्ता रुंद करताना तोडलेली कडुनिंबाची रांग तिकडे अजून उभी आहे आणि तिच्याखाली टांगे लागतात. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये तिकडे रोज शो असतो, फक्त पडद्यावरची माणसं मध्यंतरात बाहेर येऊन समोसे खातात. सावंगीच्या दवाखान्यासमोर एक ऑटोवाला असतो, तो भरती झालेल्या लोकांच्या सावल्या संध्याकाळी त्यांच्या घरी सोडून येतो, म्हणजे घर अगदी रिकामं वाटत नाही. हे शेवटचं माझं नाही. सावंगीत काम करणारी एक नर्स आमच्यात खेळते, तिने सुचवलं. दुसरा नालवाडीतलाच मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा आहे. तिसरा मेडिकलला शिकायला नाशिककडून आलेला. त्याला सुरुवातीला रक्त पिणारी भुतं हवी होती. दुरुस्तीवाला त्याला म्हणाला, ‘भाऊ, मे महिन्यात वर्ध्यात कोणाचं रक्त पेशीन तू? आधीच सुकून राह्यतं.’ तो विषय तिथेच मिटला.

या वर्ध्यातून त्या वर्ध्यात जायला एकच गाडी आहे, आणि ती कधी लागेल हे फक्त स्टँडवरच्या कंट्रोलरला माहीत असतं. म्हणून तुम्ही. दुसरं कोणी सुचलंच नाही. मी लहान असताना तुमचा आवाज घरापेक्षा मी स्टँडवरच जास्त ऐकला. घरी तुम्ही जेवायला बसलात की मीठ लागलं तरी बोटानेच दाखवायचात. आणि माइकवर मात्र, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. समुद्रपूरला जाणारी गाडी, मार्गे हिंगणघाट, जांब, फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.’ अगदी पुस्तकातली मराठी. बटण बंद केलं की लगेच पोऱ्याला, ‘अबे, चाय आन ना बे.’ मला वाटायचं तुमच्या पोटात दोन माणसं राहतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

पहिल्यांदा मी तुमचा आवाज काढला तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो मध्येच थांबला. आई बाहेर आली नाही. पोरं गेल्यावर कपबशा उचलता उचलता म्हणाली, ‘ते “लक्ष द्यावे”च्या अगोदर खोकलत जाय. तू नाई खोकलली.’ पुढच्या रविवारी मी खोकले. आतून काही आवाज आला नाही, म्हणजे बरोबर असावं. तेव्हापासून आई रविवारी दुपारी झोपत नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसून काहीतरी निवडत असते आणि दार उघडं ठेवते. आम्ही यावर कधी बोललो नाही. आपल्या घरात न बोलण्याची पद्धत तुम्हीच घालून दिली आहे.

ती गाडी पकडायचीही एक अट मी ठेवली आहे. तिच्यात बसायला तिकीट लागत नाही. दुसऱ्या कोणीतरी बाहेरून, खिडकीतून, तुमच्यासाठी सीटवर रुमाल टाकलेला पाहिजे. आपल्या हाताने आपल्यासाठी टाकलेला चालत नाही. नाशिकवाल्याने विचारलं, हे कुठून सुचलं. मी म्हटलं, स्टँडवर असंच असतं. त्याला एवढंच सांगितलं. तुम्हाला मात्र ते दोन्ही दिवस आठवत असतील.

पहिला दिवस दिवाळीच्या गर्दीचा. मी चौथीत असेन. आई आणि मी समुद्रपूरला मामाकडे निघालोय, आईच्या हातात फराळाचा डबा आणि पिशवी, आणि गाडीच्या दाराशी माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढतायत. आई केबिनच्या खिडकीशी जाऊन म्हणते, ‘कंडक्टरले सांगा ना एक सीट ठेवाले.’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘काऊन? गाडी आपल्या बापाची हाय काय?’ आणि मी, मला वाटलं फार हुशारीचं बोलतेय, म्हणते, ‘माझ्या तर बापाचीच आहे.’ आई हसते. तुम्ही हसत नाही. तुम्ही पेन खाली ठेवता, मला जवळ बोलावता आणि सगळ्यांसमोर म्हणता, ‘आपल्या माणसासाठी नियम मोडला का मंग तो नियम राह्यत नाई. समजलं का तुले? जा, उभी राह्य.’ आम्ही हिंगणघाटपर्यंत उभ्या होतो. डबा मी डोक्यावर धरला होता. मला रडू येत होतं, पण गर्दीत डोळे पुसायला हातच मोकळा नव्हता, म्हणून रडले नाही. मला वाटतं ती सवय तिथे लागली.

दुसरा दिवस मी अमरावतीला कॉलेजला जायला निघाले तो. आई घरीच राहिली होती, तिला ताप होता. ट्रंक वर चढवली, आणि दाराशी तीच झुंबड. मी उभ्याने जायच्या तयारीतच होते. आणि तुम्ही केबिनमधून बाहेर आलात. खाकी शर्ट, कानाला लावलेला पेन तसाच. फलाटावरून गाडीच्या खिडकीशी गेलात, खिशातला पिवळ्या चौकटीचा रुमाल काढलात, आणि हात आत घालून तिसऱ्या सीटवर टाकलात. कंडक्टर ओरडला, ‘साहेब, तुमी बी?’ आजूबाजूची चार माणसं हसली. तुमचे कान लाल झाले. मला काहीच म्हणाला नाहीत. परत जाऊन माइकवर खोकलात आणि अमरावतीची गाडी पुकारलीत, मार्गे सगळी गावं, त्याच आवाजात. मी त्या रुमालाशेजारी अंग चोरून बसले, तो चुरगळू नये म्हणून. पुढे तो रुमाल कुठे गेला मला आठवत नाही. खोल्या बदलताना कुठेतरी राहिला. तुम्हीही कधी मागितला नाहीत.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका मीटिंगमध्ये होते. मीटिंग पूर्ण केली. मग उठून सुट्टीचा मेल लिहिला, त्यात शुद्धलेखन तपासलं. गाडीत झोप लागली. घरी आल्यावर आईला धरलं, लोकांना पाणी दिलं, जे करायचं ते सगळं केलं. तेरवीनंतर समुद्रपूरच्या गाडीसाठी स्टँडवर गेले तर माइकवर दुसरा आवाज होता, आणि मला एवढंच जाणवलं की हा माणूस पुकारताना तुमच्यासारखा ‘हिंगणघाट’ आणि ‘जांब’च्या मध्ये थांबत नाही. बाकी काही वाटलं नाही. वाटेल म्हणून मी थांबले. अजून थांबलेच आहे. लोक म्हणतात नंतर येतं. इतकी वर्षं झाली, नंतर म्हणजे कधी ते कोणी सांगत नाही.

आता गेल्या महिन्यातल्या एका रविवारचं. गोष्टीत ते तिघं स्टँडवर आले होते, गाडी लागली होती. नर्सच्या हातात तिचा रुमाल होता आणि तो दुरुस्तीवाल्यासाठी टाकायचा असं ठरलं होतं. ती थांबली. माझ्याकडे पाहून, म्हणजे तुमच्याकडे पाहून म्हणाली, ‘साहेब, तुमाले किती दिवस झाले इथं? घरी नाई गेले का?’

मी खोकले आणि तुमच्या आवाजात म्हटलं, ‘रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही.’

‘आमच्याकडं बी असंच हाय,’ ती म्हणाली. ‘पुढची पोरगी आल्याबिगर वॉर्ड सोडता येत नाई. पण येते ना ती. तुमची काऊन नाई येऊन राह्यली?’

ती उठली, हातातला खराखुरा रुमाल तिने टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘हा तुमच्यासाठी टाकला, साहेब. माईकवर मी बसते. तुमी जा.’ दुरुस्तीवाला म्हणाला, ‘अवं, मग माह्यं काय?’ नाशिकवाल्याने त्याला गप्प केलं. त्यांना वाटलं ही गोष्टीतली फार चांगली जागा आहे. होतीही. मी मात्र त्या रुमालाकडे बघत बसले. तो पांढरा होता, कडेला निळी वेल. मला कळत होतं की आता कंट्रोलर गेला तर उद्यापासून तुम्हाला बोलायला कुठलीच जागा उरणार नाही. माझ्यापाशी तुमचं तेवढंच आहे, एक खोकला आणि गावांची नावं.

मी वर पाहिलं तर आई दारात उभी होती. हातात कोथिंबीर भरून तळलेल्या सांभारवड्यांचं ताट. ती कधी बाहेर येत नाही. ताट तसंच धरून म्हणाली, ‘जाऊ दे त्यायले. कंडक्टर होते तईपासून पाय सुजत त्यायचे. बसू दे आता.’

पोरांना ते तुमच्याबद्दल आहे हे तेव्हाच कळलं असावं, कारण नाशिकवाला एकदम टेबलाकडे बघायला लागला. मी म्हटलं, फासा ठरवेल. कंट्रोलरच्या मनाचा प्रश्न आहे, म्हणून फासा मी टाकणार. दहाच्या वर आला तर तो उठेल आणि गाडीत बसेल. दहा किंवा खाली आला तर नाही.

खेळ चालवणारे बहुतेक लोक समोर पुठ्ठ्याचा पडदा ठेवतात आणि त्याच्याआड फासा टाकतात, म्हणजे अडचणीच्या वेळी आकडा बदलून सांगता येतो. मी पडदा कधीच ठेवला नाही. सगळ्यांसमोर टाकते, आला तो आकडा मान्य. दुरुस्तीवाल्याचं गोष्टीतलं माणूस तसंच एकदा मेलं, तो माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही, तरी मी बदललं नाही. हे तुमच्यामुळे. फासा टेबलावरून खाली पडला तरी जमिनीवर दिसेल तो आकडा धरायचा, हाही आमचा नियम आहे.

मी टाकला आणि तो कपबशांना लागून खाली गेला, माझ्या खुर्चीमागे, दिवाणाखाली. मी गुडघ्यांवर बसले, पदर सावरला, डोकं आत घातलं. आत तुमची जुनी चप्पल आहे, आई ती टाकत नाही. फासा चपलेला टेकून थांबला होता. मी तो उचलला, मुठीत घेऊन वर आले आणि म्हटलं, ‘चार.’

नर्सने आपला रुमाल परत घेतला आणि दुरुस्तीवाल्यासाठी टाकला. नाशिकवाला ‘अरे यार’ एवढंच म्हणाला. आई ताट टेबलावर ठेवून आत गेली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मुद्दाम. मी खोकले आणि गाडी पुकारली. ती सुटली, तिघांना घेऊन. वड्या गार झाल्या होत्या, तरी सगळ्यांनी खाल्ल्या.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचा तर प्रश्नच नाही. ती हल्ली दुपारी पुन्हा पाटावर बसते, दार उघडं ठेवते. मलाही काही वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. फक्त एक गोष्ट मला कोणाला तरी सांगायची होती, आणि ती ऐकून मला रागावेल असं माणूस एकच होतं. चपलेला टेकलेल्या फाशावर सतरा होता, बाबा. तुमची रिलीव्हर आली होती. मी तिला परत पाठवलं.